हजेरी

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या घरी कणकेचा एक दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवतात. वर्षभर ज्या दिशेला दिव्याची वात वळू द्यायची नाही, त्या दिशेला त्या एका संध्याकाळी ती मुद्दाम वळवायची. लहानपणी मी आईला विचारले होते, "हा दिवा कुणाला?" ती म्हणाली, "यमाला." मग जरा थांबून म्हणाली, "आणि खदानीला."

आमच्या चंद्रपूरकडे खाणीला खाण कुणी म्हणत नाही, खदान म्हणतात. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, कोळशाच्या खदानीत लोडर होते. फोडलेला कोळसा टोपलीने उचलून डब्यात भरण्याचे काम त्यांनी बावीस वर्षे केले. ती खदान आमच्या गावाच्या दक्षिणेलाच होती. त्यामुळे यम आणि खदान यांचा पत्ता एकच, अशी माझी पुष्कळ दिवस समजूत होती. पुढे मी मॅट्रिक झालो, ड्रॉइंग मास्तर झालो, चारदोन कादंबऱ्या लिहिल्या, खदानही बंद पडली. पण ती समजूत काही मनातून पुरती गेलेली नाही.

अशा घरात तीन वर्षांपूर्वी एक पत्र आले. पत्र माझ्या भाच्याचे. तो इंग्लंडमध्ये डर्बी शहरात नोकरीला आहे. त्याने लिहिले होते : "मामा, मला इथे एक छान छंद लागला आहे. रविवारी आम्ही सातआठ जण मिळून बंद पडलेल्या खाणींत उतरतो. मोजमापे घेतो, नकाशे काढतो, फोटो काढतो आणि वर येतो."

मी पत्र मोठ्याने वाचत होतो. आई वाती वळत होती. तिचा हात थांबला. "ज्या भोकातून वर येताना माझ्या बापाचा जीव अर्धा व्हायचा, त्या भोकात हा हौसेनं जातो?" तिने विचारले. त्याच्या मंडळाची वर्षाची वर्गणीही असते, हे सांगितल्यावर तर तिने कपाळालाच हात लावला.

आम्ही सगळे हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर आईचा प्रश्न मला हसण्यावारी नेण्यासारखा वाटेना. दुसऱ्याने जिथे पोटासाठी घाम गाळला, कित्येकांनी जीव दिला, तिथे आपण सुटीच्या दिवशी मन रमवायला जावे काय? आणि गेलोच, तर तिथून वर येताना आपल्या हातात काय असावे? वाचकहो, फराळाचे ताट पुढे असताना असा प्रश्न काढल्याबद्दल क्षमा करा. पण दिवाळी हा दिव्यांचा सण आहे, आणि दिवा म्हटला की तो अंधारात कुठे न्यायचा हा विचार ओघानेच येतो.

आधी हा छंद काय आहे ते सांगितले पाहिजे. इंग्लंडच्या मध्यभागी डर्बीशायर म्हणून परगणा आहे. तिथल्या चुनखडीच्या डोंगरांत शिशाच्या शिरा आहेत, आणि रोमन लोकांच्या राजवटीपासून माणसे त्या शिरांमागे आत आत जात राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाहेरचे स्वस्त शिसे आले आणि हा धंदा बसला. मागे राहिली ती हजारो भोके आणि बोगदे. १९५९ साली काही हौशी मंडळींनी एकत्र येऊन तिथल्या खाणींच्या इतिहासासाठी एक संस्था काढली. पुढच्याच वर्षी उत्तर इंग्लंडमध्ये तशीच दुसरी निघाली. शिक्षक, गवंडी, डॉक्टर, कारकून, निवृत्त खाणकामगार असे तऱ्हेतऱ्हेचे लोक त्यांत आले. आता अशी मंडळे तिकडे गावोगाव आहेत.

यांची शिस्त मोठी कडक असते. जमीनमालकाची परवानगी घेतल्यावाचून उतरायचे नाही. एकट्याने उतरायचे नाही. वर कुणाला तरी सांगून जायचे, की अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर मदत बोलवा. डोक्याला टोप, टोपाला दिवा, खिशात आणखी दोन दिवे. पायाखाली दगड वाटतो तो कुजलेल्या फळ्यांवर साचलेला राबिट असू शकतो आणि त्याखाली शंभर फूट पोकळी असू शकते. म्हणून पाऊल टाकण्यापूर्वी पारखायचे. हवा जड वाटली की चर्चा न करता मागे फिरायचे. मग फीत, होकायंत्र आणि उतार मोजण्याचे यंत्र घेऊन बोगद्याचा एकेक हात मोजायचा, वहीत टिपायचा, आणि घरी येऊन त्याचा नकाशा करायचा. एका खाणीचा नकाशा पुरा व्हायला कधीकधी दहा वर्षे लागतात. ड्रॉइंग मास्तर या नात्याने सांगतो, की जे नाही त्याचे चित्र काढणे हे फार अवघड काम आहे. घराचा नकाशा म्हणजे असलेल्या भिंतींचा नकाशा. खाणीचा नकाशा म्हणजे जे उचलून नेले त्याच्या रिकाम्या जागेचा नकाशा.

भाच्याच्या पत्रातली एक हकिकत माझ्या मनात घर करून राहिली. एका अरुंद बोगद्यात, कपारीवर, त्याला पांढऱ्या मातीची एक लहानशी चिलीम दिसली. कुणीतरी ओढून विझवून, परत आल्यावर ओढू म्हणून ठेवली असावी. त्याने ती सहज हातात घेतली. मागून येणारे त्यांच्यातले वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "होती तिथेच ठेव. तोंड ज्या बाजूला होते त्याच बाजूला." पुढे चिखलात लाकडी तळव्याच्या जोड्याचा ठसा होता, लहान मुलाच्या पायाएवढा. त्याच्याभोवती आधी येऊन गेलेल्या कुणीतरी दगडांचे कडे केले होते. सगळे जण अंग चोरून कडेकडेने गेले. "मामा," भाचा लिहितो, "त्या पोराचे नाव कुणाला माहीत नाही. पण दीडदोनशे वर्षे कुणी त्याच्या पावलावर पाऊल दिलेले नाही."

डर्बीशायरच्या खाणवाल्यांच्या बोलीत एक शब्द आहे. आपल्या आधी ज्यांनी ही खाण खणली त्या सगळ्यांना मिळून ते 'म्हातारबाबा' म्हणत. जुन्या कामात घुसले की म्हणत, आपण म्हातारबाबाच्या घरात आलो. गंमत अशी, की खणणारी माणसे आणि त्यांनी खणलेली पोकळी या दोहोंनाही तोच एक शब्द. वर्क्सवर्थ गावच्या चर्चच्या भिंतीत या म्हातारबाबाची एक जुनी दगडी मूर्ती आहे. खांद्यावर कुदळ, हातात बादली. नाताळच्या आदल्या रात्री चांगल्या खनिजाचा एक खडा निवडून त्यावर मेणबत्ती लावून खाणीतच ठेवून यायची, अशीही तिकडे रीत होती असे सांगतात. हे वाचल्यावर मी पत्र आईला पुन्हा वाचून दाखवले. या वेळी ती हसली नाही. "म्हणजे त्यांचाही दक्षिणेचा दिवा आहे म्हणायचा," ती म्हणाली.

तथापि तेवढ्याने मूळ प्रश्न सुटत नाही. त्या काळोखात जे घडले ते काही सगळे चिलीम ओढण्यासारखे सुखाचे नव्हते. त्याच डर्बीशायरमध्ये शेल्डन गावाजवळ मॅगपाय नावाची खाण आहे. तिच्या आणि शेजारच्या खाणीच्या कामगारांत एका शिरेच्या मालकीवरून तंटा होता. दोघेही खणत खणत एकमेकांच्या हद्दीत पोहोचले, आणि एकमेकांना धुराने हुसकावण्यासाठी जमिनीखाली जाळ करू लागले. १८३३ साली त्या धुरात तिघे जण गुदमरून मेले. खटला झाला आणि आरोपी सुटले. मेलेल्यांच्या विधवांनी त्या खाणीला शाप दिला, अशी दंतकथा आहे. आज तिथे हिरवळ आहे, जुन्या इंजिनघराच्या भिंती आहेत आणि सुटीच्या दिवशी शिदोरी घेऊन आलेली माणसे आहेत. कोळशाच्या खाणींत तर बायका आणि लहान मुले राबत; १८४२ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये त्यांना वर काढले. आपल्याकडे बायकांना खाणीतून वर यायला त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली, आणि महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ मध्ये त्यांना पुन्हा खाली पाठवले गेले. अशा ठिकाणी हौसेने जाणे म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाची जत्रा करणे नव्हे काय?

मी या प्रश्नावर बरेच दिवस विचार केला. मग मला आमच्याच शाळेची सहल आठवली. दरवर्षी आम्ही मुलांना किल्ल्यावर नेतो. त्या किल्ल्यांवर काय कमी रक्त सांडले आहे? तिथे कडेलोटाची जागा दाखवताना आमचा आवाज चढतो, मुले वाकून पाहतात, आणि मग आम्ही सगळे झाडाखाली बसून पोळीभाजी खातो. यात कुणाला काही गैर वाटत नाही. मग खाणीतच का वाटावे?

मला वाटते, याचे कारण असे, की किल्ल्यावर आपल्याला नावे भेटतात. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांनी आपले नाव कोरून ठेवले आहे. तिथे पाय ठेवताना आपण दबकतो. नाव असले की नाते जुळते, आणि नाते जुळले की पाहणाऱ्याला आपण उपरा आहोत असे वाटत नाही. खाणीत नाव नसते. डर्बीशायरमध्ये रोमन काळातली शिशाची एक वीट सापडली आहे. तिच्यावर ठळक अक्षरांत नाव आहे, पण ते हेड्रिअन बादशहाचे. बादशहाने ती शिळा फोडली नव्हती. ज्याने फोडली त्याचा मागमूस नाही. हिरोजींच्या हाताखालच्या पाथरवटांची नावे तरी आपल्याला कुठे माहीत आहेत?

तेव्हा खाणीत जाणे वाईट की चांगले, असा प्रश्न मांडण्यात अर्थ नाही. किल्ल्यावर किंवा अनोळखी माणसाच्या घरी जाण्याइतकेच ते निर्दोष किंवा सदोष आहे. तिथे आपण वागतो कसे आणि तिथून आणतो काय, यावर सारे अवलंबून आहे. नुसते भोक पाहून, अंगावर काटा आणवून, खिशात चिलीम घालून येणारा माणूस चोर आहे. मग ती चिलीम तो काचेच्या कपाटात का ठेवीना. मोजून, टिपून, जागच्या वस्तू जागी ठेवून येणारा माणूस मात्र तिथल्या माणसांच्या कामाची नोंद घेत असतो. ती त्यांच्या हयातीत कुणी नीटपणे घेतलेली नसते.

इथे कुणी म्हणेल, "मास्तर, या नोंदीचा उपयोग काय? कोळसा संपला, शिसे संपले, माणसे गेली. आता त्या अंधाराचा नकाशा घेऊन कुणाचे पोट भरणार?" उपयोग आहे, आणि तो जीवनमरणाचा आहे. बंद खाणीत पाणी साचते. शेजारी नवी खाण खणणारा जर त्या पाण्याच्या पोटाशी नकळत जाऊन पोहोचला, तर मधली भिंत फुटते. २००२ साली अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या क्वेक्रीक खाणीत हेच झाले. शेजारच्या बंद खाणीचा शेवटचा खरा नकाशा काम करणाऱ्यांपाशी नव्हता. पाणी फुटले आणि नऊ माणसे खाली अडकली. वरून भोक पाडून तीन दिवसांनी ती नऊही जिवंत काढली गेली, हे त्यांचे दैव. आपल्या धनबादकडे दैव एवढे उदार नव्हते. चासनाळा येथे २७ डिसेंबर १९७५ रोजी वरच्या जुन्या कामात साचलेले पाणी खाली फुटले आणि ३७५ माणसे गेली. २००१ च्या फेब्रुवारीत बागडिगी येथे शेजारच्या जुन्या खाणीचे पाणी शिरून २९ गेली. खाण बंद करताना तिचा नकाशा सरकारात जमा करावा, असा कायदा ब्रिटनमध्ये १८७२ मध्येच झाला. आपल्याकडेही तसे नियम आहेत. पण कागद हरवतात, चुकीचे असतात, आणि कायद्याच्या आधीच्या खाणींचे तर बहुधा कागदच नसतात. तिथे हौशी मंडळींनी रविवारी काढलेला एखादा नकाशाच काय तो उरतो.

परंतु एवढ्यावरच जर मी थांबलो तर मी खोटे बोललो असे होईल. नकाशाने जीव वाचतात हे खरे; पण चिलीम होती तिथेच ठेवल्याने कुणाचा जीव वाचतो? मुलाच्या पावलाभोवती दगड ठेवल्याने कोणता पूर थांबतो? तिथे काहीतरी निराळेच आहे. ते मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातून कळले नाही. त्यासाठी मला माझ्या स्वतःच्या एका चोरीची गोष्ट सांगितली पाहिजे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिची आजी खदानीमागच्या जुन्या चाळीत राहायची, अजूनही राहते. सगळे तिला माय म्हणतात. तिचा नवरा १९६९ साली खदानीत छत बसून गेला. त्या वेळी खदानी खाजगी मालकीच्या होत्या. त्या सरकारने घेतल्या १९७३ साली. खाली उतरताना प्रत्येकाला नंबराचा एक पितळी बिल्ला मिळे. त्या दिवशी मायच्या दिराला ताप होता. खाडा झाला तर काम जाईल, या भीतीने थोरला भाऊ धाकट्याचा बिल्ला घेऊन खाली गेला. छत बसले. अंगावर सापडलेल्या बिल्ल्याचा नंबर पाहून मुनिमाने रजिस्टरात नाव लिहिले ते धाकट्याचे. झाले! कागदावर मेला तो जिवंत होता, आणि मेला होता तो कागदावर कुठेच नव्हता. धाकट्याचे लग्न झालेले नव्हते, म्हणून भरपाई मागायला कागदोपत्री विधवाही नव्हती. ठेकेदाराने काही रुपये हातावर ठेवले आणि प्रकरण मिटले. दीर गाव सोडून गेला. जो माणूस मेला म्हणून लिहिले आहे त्याला पुन्हा कामावर कोण घेणार? मायने धुणीभांडी करून दोन लेकरे वाढवली.

हे सारे मायने मला दोन संध्याकाळी, चुलीपुढे बसून सांगितले. मी ऐकले, आणि घरी आल्यावर रात्री जागून वहीत उतरवले. तीन वर्षांनी त्याची कादंबरी झाली. नाव बदलले, गाव बदलले, शेवटही थोडा बदलला. कादंबरीच्या नायकाला मी एक भारदस्त नाव दिले. खरे नाव मला कादंबरीच्या मानाने साधे वाटले. पुस्तकाचे बरे बोलले गेले, एक लहानसे पारितोषिकही मिळाले. मायला मी पेढे आणि पुस्तक नेऊन दिले. तिच्या नातीने रोज रात्री थोडे थोडे करून तिला ते वाचून दाखवले.

महिन्याने मी सहज तिच्याकडे गेलो. कौतुक ऐकायला गेलो होतो, हेही कबूल करतो. माय तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सारं लिवलं मास्तर तुम्ही. दिराचा ताप, बिल्ला, पाऊस, सारं. पण त्याइचं नाव काहून बदलवलं? एकदा मुनिमानं बदलवलं, एकदा तुम्ही."

माझ्यापाशी उत्तर होते. माणसांची अब्रू राखण्यासाठी कादंबरीकार नावे बदलतात, ही चांगली चाल आहे, आणि ती मी आजही चुकीची मानत नाही. पण ते उत्तर मला तिच्यापुढे देता आले नाही, कारण मी तिला एका शब्दाने विचारलेच नव्हते. तिच्या काळोखात मी दिवा घेऊन उतरलो, मला हवी ती चिलीम उचलली, पुसून चकचकीत केली आणि माझ्या कपाटात ठेवली. ती मूळची कुठे होती, तोंड कोणत्या बाजूला होते, याची नोंदही ठेवली नाही. भाच्याच्या पत्रातले ते वडीलधारे गृहस्थ माझ्यामागे त्या वेळी नव्हते.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. खाणीतली प्रत्येक वस्तू जागच्या जागी कुजू द्यावी, असे मला म्हणायचे नाही. पाणी चढते, दगड कोसळतात, भंगारवाले येतात. मग वस्तू वर आणून संग्रहालयात ठेवणेच शहाणपणाचे होते, आणि ही मंडळेही ते करतात. फरक असा, की उचलण्यापूर्वी ते तिची जागा लिहून ठेवतात. कुठून आणले, केव्हा, कुणाचे असावे, हे चिठ्ठीवर असते. त्या चिठ्ठीमुळे वस्तूचे तिच्या माणसाशी नाते टिकते. माझ्या कादंबरीला तशी चिठ्ठी नव्हती.

मागल्या दिवाळीत भाचा महिनाभर आला होता. त्याला आमची खदान पाहायची होती. चाळीतले एक म्हातारे सरदार, म्हणजे खाली कामगारांच्या जिवाची जोखीम पाहणारे, अजून हिंडतेफिरते आहेत. त्यांनी त्याला साफ सांगितले, "बाबू, तुमच्या शिशाच्या खदानीला दगडाचं छत. आमच्या कोळशाचं छत भरवशाचं नाही. आत वायू आहे, आग आहे. कुणी गेलं की मीच पोलिसात सांगीन." भाचा शहाणा आहे. "आजोबा, आमच्याकडची हौशी मंडळीसुद्धा कोळशाच्या खाणीत सहसा जात नाहीत," तो म्हणाला. मग त्याने विचारले, "पण तुम्हाला आत काय होते ते आठवते ना?"

त्या एका प्रश्नावर आमचे रविवार भरले. चहाच्या टपरीमागे कडुनिंबाचा पार आहे. शाळेतला मोठा बोर्ड आणि ड्रॉइंगचे कागद मी घेऊन जायचो. सरदार यायचे, दोन लोडर, एक टिंबर लावणारे, एक पंपावरचे. कोळशाची खदान आतून एखाद्या आखीव शहरासारखी असते; मधे कोळशाचे जाड खांब सोडलेले, आणि त्यांच्यामधून सरळ आडवेउभे रस्ते. ते बोलायचे, मी काढायचो. "बारा नंबर इथं नाही, दोन बोटं डावीकडं घ्या." "इथं पाणी गळायचं." "इथं आम्ही भाकरी खायचो." सळईने छत ठोकल्यावर चांगल्या छताचा आवाज कसा येतो आणि पोकळ छताचा कसा, ते सरदारांनी बोर्डावर ठोकून दाखवले. लाकडी टेकू मोडण्याआधी करकरतो, म्हणून जुने लोक लोखंडापेक्षा लाकडावर जास्त विश्वास ठेवत, हे टिंबरवाल्यांनी सांगितले. दोन शेजाऱ्यांत एका वळणावरून भांडण झाले आणि ते पुढच्या रविवारी मिटले. या नकाशाला सरकारदरबारी किंमत नाही, हे मी जाणून आहे. तो मापाचा नाही, आठवणीचा आहे. पण एवढी माणसे एवढ्या उत्साहाने आपल्याच घामाबद्दल बोलताना मी प्रथमच पाहत होतो.

चौथ्या रविवारी माय नातीचा हात धरून आली. कुणी बोलावले नव्हते. पारावर बसली आणि कागदाकडे पाहत राहिली. सरदारांनी काही न बोलता बोट ठेवले. "इथं." मी पेन्सिलीने फुली केली. सन लिहिला, १९६९. मग मी विचारले, "नाव?"

कुणीच बोलेना. नाव सगळ्यांना ठाऊक होते; पण ते घेण्याचा अधिकार आपला नाही असे प्रत्येकाला वाटले असावे. आणि मायच्या पिढीतली बाई नवऱ्याचे नाव घेत नाही, हे आपण सगळे जाणतोच. नातीने तोंड उघडले, तेवढ्यात मायने हाताने तिला थांबवले. पदर सावरला. मग स्वच्छ आवाजात तिने ते नाव घेतले; त्याचे, त्याच्या बापाचे, गावाचे. म्हणाली, "लग्नात घेतलं होतं. त्यानंतर आजच."

मी लिहिले. ती म्हणाली, "वाचा." मी मोठ्याने वाचले. वर्गात नाव पुकारल्यावर मुलाच्या उत्तराची वाट पाहायची मला पंचवीस वर्षांची सवय आहे. त्या सवयीने मी क्षणभर थांबलो. कडुनिंबाखाली कुणीही ते हसण्यावारी नेले नाही.

आईच्या प्रश्नाला मला मिळालेले उत्तर एवढेच आहे. मागे राहिलेली पोकळी कुणाचीच नसते असे नाही. ती ज्यांनी केली त्यांची असते. आपण तिथे जायचे तर हजेरी घ्यायला जावे. हजेरी घेणारा मास्तर मुलाच्या दप्तरातून काही काढून घेत नाही, आणि मुलाला दुसऱ्याच नावाने हाकही मारीत नाही. तो फक्त नोंदवतो, की अमुक होता. काम साधे आहे, कंटाळवाणेही आहे. पण ते चुकले तर काय होते, ते मायला विचारावे.

ते नाव मी इथे लिहिलेले नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. लिहावे असे माझ्या फार मनात होते. या वेळी मात्र मी आधी विचारायला गेलो. मायने थोडा विचार केला आणि म्हणाली, "दिवाळीच्या पुस्तकात नको मास्तर. लोकं गोष्ट समजतील. तुमच्या त्या कागदावर हाय ना, तिथं राहू द्या."

तो कागद शाळेच्या कपाटात, जुन्या हजेरीपटांच्या शेजारी गुंडाळून ठेवला आहे. त्याच्या तीन नकला चाळीत आहेत आणि एक डर्बीला गेली आहे. यंदा धनत्रयोदशीला आईने कणकेचे दोन दिवे केले. दुसरा कुणाला, हे मी विचारले नाही. तो घेऊन मी चाळीकडे निघालो, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "वारा आहे, हात आडवा धर."